एका दिवशी एकच

१२ जुलै

बाईसाहेब,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहून शाई घालवत नाही.

काल तुझा फोन आला. मी विचारलं, कशी आहेस? तू म्हणालीस, बरी आहे. मी विचारलं, शाळा? बरी आहे. जेवलीस का? हो. झालं, फोन बंद. एवढ्यासाठी तुझ्या मामाने मला हे यंत्र घेऊन दिलं का? एका कानाने मला निम्मंच ऐकू येतं, आणि तू त्या निम्म्याचंही निम्मं बोलतेस. म्हणून आता पत्र. कागदावर 'बरी आहे' एवढं लिहून पान भरत नाही, उरलेल्या जागेत माणसाला खरं लिहावं लागतं. मी तिसरीतून शाळा सोडली, तेव्हा काना-मात्रा जिथे पडल्या नसतील तिथे तू लावून घे. नाहीतरी तुझं कामच ते.

मामी म्हणते, तुला यंदा आठवीचा तो वर्ग दिलाय ज्यात बाई टिकत नाही. खरं का? आणि ते चिमट्यांचं काय? मामीच्या सांगण्यावरून मला एवढंच कळलं, की तुमच्या शाळेत आता कपडे वाळत घालतात. नीट लिही.

मी बरी आहे. बघ, मलाही येतं.

आजी

*

२० जुलै

आजी,

पाया पडते, पण लांबूनच. जवळ आले तर धपाटा घालशील.

मामीचं खरं आहे. गेल्या वर्षी या चाळीस मुलांच्या दोन बाई सोडून गेल्या. दोघींनाही वर्ग झेपला नाही, आणि दोघींनीही मुलांना काही सांगितलं नाही. एका सोमवारी खुर्ची रिकामी, एवढंच. पहिल्याच दिवशी मॉनिटर उभी राहिली. किडकिडीत पोरगी, चष्मा सारखा नाकावर घसरलेला. म्हणाली, "बाई, तुम्ही किती दिवस आहात?" जशी काही मी भाड्याने आणलेली. मी म्हटलं, "वर्षभर." तिने मागे वळून वर्गाकडे पाहिलं. एकाचाही विश्वास बसलेला नव्हता.

चिमट्यांचं असं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, यंदा ठरवलं की मुलांच्या मनाकडेही बघायचं. मनाच्या दुखण्यावर बोलणाऱ्या समुपदेशक बाई आहेत, पण चार शाळांत मिळून एक. आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतात. म्हणून रोजचं काम वर्गाच्या बाईंकडे. वर्गात भिंतीला तीन दोऱ्या बांधल्यात. वरची 'बरं आहे', मधली 'ठीकठाक', खालची 'बरं नाही'. प्रत्येकाने आपापला कपड्यांचा चिमटा रंगवलाय. सकाळी आलं की ज्याला जसं वाटतंय त्या दोरीला चिमटा लावायचा. खालच्या दोरीवर ज्याचा चिमटा, त्याच्याशी मी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेमागच्या खोलीत बसून बोलते.

पहिल्या आठवड्यात एका दिवशी खाली अकरा चिमटे होते. एकाचे वडील घर सोडून गेलेत. एकीला वाचताना अक्षरं पळतात. एकाला कुणी खेळायला घेत नाही, आणि हे सांगताना तो हसतो. मी सगळ्यांचं ऐकते. घरी आले तरी तेच कानात चालू असतं. डबा तसाच परत येतो. सकाळी पित्त होतं, कधीकधी उलटी. काळजी करू नको. एकदा फळ्यापाशी चक्कर येऊन खाली बसले, तर मुलांनी पाणी दिलं, वहीने वारा घातला. मॉनिटरने अख्खा वर्ग गप्प बसवला.

आणि गंमत बघ, त्यानंतर वर्ग सुधारला! आता खालच्या दोरीवर रोज एकच चिमटा असतो. मोठ्या बाई खूश आहेत. तपासणीचे साहेब येतील तेव्हा आमचाच वर्ग दाखवणार म्हणतात.

तुझी नात

*

२९ जुलै

बाईसाहेब,

पत्र दोनदा वाचून झालं. एकदा मी वाचलं आणि एकदा मामीने माझ्या खांद्यावरून. तिला वाटतं मला कळत नाही.

आधी उलटीचं. लग्न झालेलं नाही म्हणून विचारत नाही, पण विचारलं असं समज. ते नसेल तर डॉक्टरकडे जा. पित्त पित्त म्हणून माणसं काय काय पोटात ठेवतात ते मी पाहिलंय.

आता तुझे चिमटे. आमच्या शाळेत मन नव्हतं, छडी होती. छडी बरी होती असं मी म्हणत नाही, मी तिसरीतून का पळाले असं वाटतं तुला? पण मला एक सांग. चाळीस पोरं. काल अकरा जणांचं बिनसलेलं आणि आज एकाचंच? उद्या एकाचंच, परवाही एकाचंच? दुखणं काय रांगेत उभं राहून येतं? या घरात सहा माणसं आहोत. एखाद्या दिवशी चौघांची डोकी एकदम उठतात आणि पुढे आठवडाभर कुणाला शिंक येत नाही. तुझ्या पोरांनी पाळ्या लावल्यात, माझ्याकडून लिहून घे. आज तू जा, उद्या मी जातो. बाईंच्या खोलीत बसायचं, बाई गोड बोलतात, पुढच्या तासाला उशिरा गेलं तरी कुणी विचारत नाही. तू उपाशी, आणि कार्टी मजेत.

एकदा डोळे वटारून बघ. वर्गात बाई असावी, उशी नसावी.

आजी

*

१० ऑगस्ट

आजी,

तू म्हणालीस तेच निघालं.

गुरुवारी सकाळी मी दाराआडून पाहिलं. एक मुलगा खालच्या दोरीला चिमटा लावायला गेला, तर मॉनिटरने त्याचा हात धरला. म्हणाली, "आज तुझा नंबर नाही." तो म्हणाला, "अगं पण मला आजच..." ती म्हणाली, "मंगळवारी." आणि त्याने मुकाट्याने चिमटा वरच्या दोरीला लावला.

मी आत गेले. आजी, मला इतका संताप आला की माझाच आवाज मला ओळखू येईना. यांच्यासाठी मी उपाशी राहते, आणि ही मुलं नंबर लावून बसतात! मी म्हटलं, हा खेळ वाटला का तुम्हाला? ज्यांना खरंच काही झालेलं नाही त्यांनी माझा वेळ खाऊ नका. नाटकं बघायला येत नाही मी इथे. मॉनिटरला उभं केलं. तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "एक शब्द नको." तिचा चष्मा घसरला, तोही तिने वर केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सगळे चिमटे वरच्या दोरीवर. चाळीसच्या चाळीस. मधल्या सुट्टीत मी निवांत डबा खाल्ला. चव लागली नाही. वर्गात आता इतकी शांतता असते की खडू मोडला तरी दचकायला होतं. खिडकीजवळ एक मुलगी बसते, ती फळ्याकडे बघतच नाही. पुस्तकाचं एकच पान उघडून बसते, तास बदलला तरी तेच पान. परवा सुट्टीत माझ्या खोलीच्या दाराशी आली, उंबऱ्यावर उभी राहिली आणि परत गेली. चिमटा मात्र वरच. तिला उद्या विचारेन. साहेब यायचे म्हणून भिंती रंगवायला काढल्यात, त्यात जीव नुसता घाईला आलाय.

उलटीचं तू विचारलंस (म्हणजे विचारलं नाहीस) तसं काही नाही. निश्चिंत राहा.

तुझी नात

*

१८ ऑगस्ट

बाईसाहेब,

म्हटलं नव्हतं? तिसरी शिकलेल्या बाईला कळलं ते तुमच्या शाळेला कळलं नाही. मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पण तो मुलगा 'आजच' का म्हणाला असेल?" मी म्हटलं, तू भाजीकडे बघ, करपेल.

पण डबा खाऊन चव लागत नाही, हे मला आवडलं नाही. आणि ती खिडकीवाली. 'उद्या विचारेन' हे तुझ्या 'बरी आहे'चंच धाकटं भावंड आहे. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी विचार.

आजी

*

३० ऑगस्ट

बाईसाहेब,

उत्तर नाही. पोस्टमन रोज येतो आणि विजेचं बिल नाहीतर मामाची मासिकं टाकून जातो. मी त्याला दोनदा पिशवी झटकायला लावली. तो आता आमच्या दाराशी सायकल थांबवत नाही, चालवता चालवताच मान हलवतो.

मंगळवारी फोन केला. तू उचललास, बरी आहे म्हणालीस. मागे पंखा कुरकुरत होता. वेळ शाळेची, भर दुपारची. शाळेतही पंखे असतात, पण पोरांचा गलका का नव्हता? माझा एक कान गेलाय, दुसरा शाबूत आहे.

तू शाळेत नव्हतीस. कुठे होतीस?

आजी

*

४ सप्टेंबर

मोठ्या बाईंना,

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्याकडे आठवीला ज्या बाई आहेत त्यांची मी आजी, आईची आई. पोरीची आई दूर नोकरीला असते आणि तिला काही सांगितलं की ती रडते, म्हणून हे खातं माझ्याकडे आहे.

माझी नात पत्राला उत्तर देत नाही आणि फोनवर खोटं बोलते. काही बरंवाईट झालं असतं तर तुम्ही कळवलं असतं, म्हणजे तितकं झालेलं नाही. त्याच्या अलीकडे काय काय झालंय ते मला लिहा. मोठे मोठे शब्द घालू नका, मला वाचायला वेळ लागतो आणि सध्या धीर नाही.

आणखी एक. पोरांच्या मनासाठी तुम्ही भिंतीला दोऱ्या बांधल्यात, ऐकलं. चांगलं केलंत. बाईंच्या मनासाठी काय बांधलंत?

'तिला सांगू नका' असं लिहिणार होते. पण सांगितलंत तरी चालेल. मी तिला भीत नाही.

तिची आजी

*

९ सप्टेंबर

आदरणीय आजी,

नमस्कार. आपण लिहिलंत तसं सरळ लिहिते.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस शाळा सुटल्यावर आठवीतली एक मुलगी घरी पोचली नाही. तिच्या आईचा फोन आला आणि आम्ही सगळेच शोधायला लागलो. शाळा, रस्ता, बसथांबा, मैत्रिणींची घरं. आपल्या नातीला ती शाळेच्या गच्चीवर सापडली, पाण्याच्या टाकीमागे. मुलीला कुठेही इजा झालेली नव्हती. दोघी बराच वेळ तिथे बसून होत्या. शिपायाने हाक मारली तेव्हा खाली आल्या. काय बोलणं झालं ते आपल्या नातीने मला सांगितलेलं नाही. मुलगी सध्या घरी आहे, समुपदेशक बाई तिला आणि घरच्यांना भेटतायत.

त्यानंतर आपली नात शाळेत आलेली नाही. आलेली नाही हेही खरं नाही. ती फाटकापर्यंत येते, उभी राहते आणि परत जाते. शिपायाने पाहिलंय. मी तिच्या खोलीवर गेले होते. रजा घे म्हटलं, तर तिने राजीनामा कसा लिहायचा ते विचारलं.

वर्ग मला रोज विचारतो, "बाई गेल्या का?" मी म्हणते, येतील. मुलं माना हलवतात. गेल्या वर्षी दोन्ही वेळा मी हेच उत्तर दिलं होतं.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, काहीच बांधलेलं नव्हतं. उलट मी वर्ग कौतुकाने दाखवत सुटले. आपण हे विचारलंत याचा राग आला होता, म्हणून उत्तराला दोन दिवस उशीर झाला. क्षमस्व.

आपली,
मुख्याध्यापिका

*

१२ सप्टेंबर

बाईसाहेब,

मला सगळं कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस, मोठ्या बाईंनी सांगितलं.

गच्ची, टाकी, फाटक, राजीनामा. एवढं सगळं झालं आणि माझ्यापर्यंत काय आलं तर पंख्याचा आवाज. मी काही साखरेची बाहुली नाही विरघळायला.

मी निघते म्हटलं तर मामा म्हणतो, या वयात एकटीने प्रवास नको. मी म्हटलं, मग तू चल. तर त्याला सुट्टी नाही. म्हणून आधी पत्र. आठवड्यात उत्तर आलं नाही तर मी येणार, एकटी, आणि वाटेत हरवले तर ते तुझ्या डोक्यावर.

त्या पोरीने गच्चीवर तुला काय सांगितलं? तुझ्या नरड्यात तेच अडकलंय. लिही.

आजी

*

१७ सप्टेंबर

आजी,

लिहिते. चार कागद फाडून हा पाचवा.

ती खिडकीवालीच. टाकीला टेकून बसली होती, दप्तर मांडीवर. मी शेजारी बसले. जिने धावत चढून दम लागला होता म्हणून बसले, शहाणपणाने नाही. मी विचारलं, "इथे का आलीस?" ती म्हणाली, "इथे कुणी विचारत नाही." मग म्हणाली, "बाई, माझा नंबर शुक्रवारी होता."

मला कळलंच नाही. म्हटलं, कसला नंबर? मग तिने सांगितलं. मी फळ्यापाशी चक्कर येऊन पडले ना, त्या दिवशी सुट्टीत वर्गाची सभा झाली. मॉनिटर म्हणाली, बाईंना आपण दमवतो. अकरा जणांचं ऐकतात, जेवत नाहीत. अशाच आधीच्या दोघी गेल्या. म्हणून ठरलं, एका दिवशी एकच. ज्याला फार झालं असेल त्याने मॉनिटरला सांगायचं, ती नंबर देणार. तोवर वरच्या दोरीवर राहायचं. बाईंना कळू द्यायचं नाही, नाहीतर त्यांना वाईट वाटेल.

आजी, ती मजा नव्हती. मुलं मला पुरवून पुरवून वापरत होती, मी संपू नये म्हणून.

हिच्या घरी आई-वडील एकमेकांशी बोलत नाहीत. जे बोलायचं ते हिच्या तोंडून. 'बाबांना सांग', 'आईला सांग'. तिला आता जेवण जात नाही, झोप लागत नाही. तिला वाटायला लागलंय की आपण नसलो तर ते दोघं निदान एकमेकांशी बोलतील. हे सांगण्यासाठी ती आठ दिवस शुक्रवारची वाट बघत होती. आणि गुरुवारी मी वर्गात ओरडले, ज्यांना काही झालेलं नाही त्यांनी माझा वेळ खाऊ नका. तिला वाटलं, मी तिलाच म्हणाले.

मी विचारलं, "तू काही करणार होतीस का?" ती म्हणाली, "माहीत नाही." ते 'माहीत नाही' मला रोज सकाळी फाटकाशी ऐकू येतं. छाती धडधडते, हाताला घाम सुटतो, आणि पाय आपोआप मागे वळतात. आत चाळीस जणं आहेत. त्यांतल्या कुणाचं काय चाललंय मला माहीत नाही.

पाळ्या लावल्यात, डोळे वटार, हे तू लिहिलंस. पण तोंड माझं होतं. मॉनिटर सांगायला उठली होती, तिला मी गप्प बसवलं. मी या कामाची नाही. राजीनामा लिहून तयार आहे, सोमवारी टपालाने पाठवणार.

तुझी नात

*

२० सप्टेंबर

पोरी,

पाळ्या मी ओळखल्या, पण त्यांचं कारण ओळखायला चुकले. आपलं काय चुकलं ते दोघींना कळलंय, आता ते चघळत बसायला माझे दात नाहीत.

पहिलं हे ऐक. ती पोर गच्चीवर गेली आणि तू तिला शोधून काढलीस. तुला ती सापडली, आणि तिने तुलाच सांगितलं. तू 'या कामाची नाहीस' तर ती तुझ्याशी का बोलली? टाकीशीही बोलू शकली असती.

दुसरं. तू आजारी आहेस. मी याला आधी पोटाचं दुखणं समजले, मग भोळेपणा समजले. ताप असता तर तू अंथरुणात पडून राहिली असतीस आणि लाजली नसतीस. फाटकाशी पाय वळतात हे दुखणंच आहे. त्याचा डॉक्टर असतो म्हणे, मामी सांगत होती. तिची बहीण जायची. मला आजवर कुणी सांगितलं नाही, कारण मी हसले असते. आता हसणार नाही, तू जा. आणि तुमच्या त्या समुपदेशक बाई काय फक्त पोरांसाठी आहेत? विचार त्यांना.

तिसरं राजीनाम्याचं. नोकरी सोड किंवा ठेव, तुझी मर्जी. तुझ्या आईला मी समजावेन, तिला रडायचं ते माझ्यासमोर रडेल. पण टपालाने नाही. त्या पोरांनी दोनदा सोमवारी रिकामी खुर्ची पाहिली आहे. तू तिसरी खुर्ची ठेवलीस, तर ती काय समजतील ते मी सांगते. खिडकीवालीने तोंड उघडलं म्हणून बाई गेल्या. आणि मग त्या वर्गात जन्मात कुणी तोंड उघडणार नाही. त्या पोरीच्या डोक्यावर आणखी एक निरोप ठेवू नकोस.

म्हणून एकदा आत जा. एकटीला जमत नसेल तर मोठ्या बाईंचा हात धर, त्यांना जरा कामाला लाव. उभी राहा आणि सांग की मला बरं नाही, मी रजेवर चालले आहे, आणि त्यात तुमच्यापैकी कुणाचाही दोष नाही. परत येणार असशील तर तारीख सांग. येणार नसशील तर तेही सांग. खोटं एकही सांगू नकोस, ती पोरं तुझ्यापेक्षा पक्की आहेत.

आत पाय टाकताना धडधडेल. धडधडू दे, छाती त्यासाठीच आहे.

आजी

*

१४ ऑक्टोबर

आजी,

इतके दिवस लिहिलं नाही, पण या वेळी लपवत नव्हते. झोपत होते.

गेले मी. मोठ्या बाई फाटकाशी उभ्या होत्या. माझा हात त्यांनी घट्ट धरला तो वर्गाच्या दारापर्यंत सोडला नाही. वर्गात उभी राहिले. तू लिहिलं होतंस तेच सांगितलं, तुझ्यासारखं जमलं नाही. "मला बरं नाही. पोटाचं नाही, मनाचं. मी औषध घेणार आहे. ६ ऑक्टोबरला परत येईन." मॉनिटर उठली. म्हणाली, "नक्की, की मोठ्या बाई दर वेळी 'येतील' म्हणतात तसं नक्की?" मी म्हटलं, "नक्की." मग तिला सांगितलं, त्या दिवशी मी तुला बोलू दिलं नाही, आता बोल. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "आम्हाला वाटलं, एकाचंच ऐकायचं असेल तर तुम्ही जेवाल." पुढे मला उभं राहवेना, मी खुर्चीवर बसले. सगळे बघत होते. कुणी पाणी आणायला धावलं नाही, कारण मोठ्या बाई म्हणाल्या, "बसू द्या त्यांना, मी आहे ना."

डॉक्टरकडे गेले. गोळ्या चालू आहेत. समुपदेशक बाई आता आठवड्यातून दोनदा येतात, आणि एक तास शिक्षकांसाठी ठेवलाय. पहिल्या दिवशी तिथे फक्त मी होते. दुसऱ्या वेळी खेळाचे सर आले आणि दार लावून घेतलं. काय बोलले माहीत नाही, बाहेर आले तेव्हा नाक लाल होतं.

६ तारखेला परत आले. फाटकाशी थांबले, पण वळले नाही. वर्गात शिरले आणि आधी भिंतीकडे पाहिलं. खालच्या दोरीवर नऊ चिमटे. आजी, इतकं वाईट दिसणारं काही बघून मला कधी एवढं हायसं वाटलं नसेल. मोठ्या बाईंचा चेहरा मात्र उतरला. लांबलेली तपासणी त्याच आठवड्यात होती. त्या म्हणाल्या, "दोन दिवस काढून ठेवू या का दोऱ्या?" मग स्वतःच म्हणाल्या, "नको, राहू देत." साहेब आले, त्यांनी विचारलं, खाली इतके कसे? मोठ्या बाईंनी सांगितलं, "कारण आता सांगतात." साहेबांना पटलं की नाही देव जाणे. कागदावर काहीतरी लिहून चहा पिऊन गेले.

नऊही जणांना आता मी एकटी घेत नाही. वाटून घेतो. मोठ्या बाई, खेळाचे सर, मी, आणि जे आमच्या आवाक्याबाहेरचं ते समुपदेशक बाईंकडे. ते उद्यावर टाकायचं नाही, त्याच दिवशी. मधल्या सुट्टीची पहिली पंधरा मिनिटं मी दार लावून जेवते. मुलं बाहेर पहारा देतात. नको म्हटलं तरी देतात.

खिडकीवाली शाळेत येते. रोज नाही. आई-वडील दोघंही समुपदेशक बाईंकडे गेले, वेगवेगळे, पण गेले. चिमटा खालीच असतो. परवा ती एवढंच म्हणाली, "काल जेवले." ती बरी झाली असं मी लिहिणार नाही. मला रोज तिची धास्ती वाटते. पण ती काय करतेय हे आता आम्हा चौघांना आणि तिच्या घरच्यांना माहीत असतं.

एक सांगायचं राहिलं. मुलांनी माझ्यासाठीही चिमटा रंगवलाय. काल सकाळी फार धडधडत होतं. मी तो खालच्या दोरीला लावला आणि म्हटलं, आज मला बरं नाही, पण तास घेणार आहे. मग मॉनिटर चष्मा वर करत म्हणाली, "बाई, मग आज गणितं सोपी द्या." सगळे हसले. मीसुद्धा.

तुझी नात

*

२१ ऑक्टोबर

बाईसाहेब,

पत्र पोचलं. मामीने खांद्यावरून वाचलं आणि डोळ्यांना पदर लावला. तिचं काही मनावर घेऊ नकोस, परवा दूध नासलं तेव्हाही लावला होता.

नऊ फार आहेत. पण दिसतायत तरी. खिडकीवालीचं दर पत्रात लिही, आणि बरं नसेल तर बरं नाही असंच लिही. गोळ्या डॉक्टर म्हणेल तोवर घे. जरा बरं वाटलं की माणसं आधी गोळ्या सोडतात.

तुझं पत्र मी दोनदा पालथं घातलं, एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस. त्या दिवशी सोपी गणितं दिलीस का? दिली असशील तर पोरांनी तुला पुन्हा सांभाळायला घेतलंय असं समज, आणि उद्या चांगली अवघड दे.

आजी